दक्षिण आफ्रिकेची जंगल सफारी : खानदेशातून निघणाऱ्या जोडप्यासाठी

सहलीची आखणी करताना पहिला निर्णय देशांचा नव्हे, मुक्कामांचा घ्यावा. दहा दिवसांत केपटाऊन, क्रुगर, व्हिक्टोरिया धबधबा आणि बोट्स्वानातील चोबे असा कार्यक्रम कागदावर भरगच्च दिसतो. प्रत्यक्षात निम्मे दिवस विमानतळांवर आणि बॅगा भरण्यात जातात. एकट्या क्रुगर राष्ट्रीय उद्यानाचे क्षेत्रफळ सुमारे १९,५०० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या जळगाव जिल्ह्याच्या दीडपटीहून अधिक आहे. तिथे दोन कॅम्पमध्ये मिळून सहा रात्री राहावे आणि उरलेल्या दिवसांत आणखी एकच ठिकाण जोडावे, असे माझे स्पष्ट मत आहे. पैसे तेवढेच लागतात आणि पाहणे कितीतरी अधिक होते.

आफ्रिका म्हटली की खानदेशातल्या माणसाच्या डोळ्यांसमोर वैशाखातले ऊन येते, आणि इथेच मोठी चूक होते. विषुववृत्ताच्या दक्षिणेला मे ते सप्टेंबर हा हिवाळ्याचा आणि कोरडा काळ असतो. गवत वाळून खाली बसते, झाडोरा विरळ होतो आणि पाणी मोजक्या ठिकाणीच उरल्याने जनावरे पाणवठ्यावर येतात. म्हणून पाहण्यासाठी हाच काळ उत्तम. आम्ही उभयता मे महिन्याच्या सुट्टीत जळगावच्या ४४ अंशांतून निघालो, ते केवळ सुती कपडे घेऊन. पहिल्या पहाटे उघड्या जीपमध्ये बोटे इतकी बधिर झाली की दुर्बीण धरवेना, आणि वाटाड्याने दिलेल्या घोंगडीत गुरफटून समोरचा सिंह मी नीट पाहूच शकले नाही. पहाटेचे तापमान दहा अंशांच्या खाली सहज जाते. तेव्हा लोकरीची कानटोपी, हातमोजे आणि जाड जाकीट बरोबर असावेच. ज्यांची शेती आहे त्यांना मे-जून सोयीचा नसतो. त्यांनी पेरणी-निंदणी आटोपून पोळ्यानंतरचे दिवस धरावेत.

कागदपत्रांना तीन महिने हाताशी ठेवावेत. दक्षिण आफ्रिकेच्या व्हिसासाठी पासपोर्टमध्ये कोरी पाने आणि पुरेशी मुदत लागते. मुंबईहून आदिस अबाबा किंवा नैरोबीमार्गे जाणारे तिकीट स्वस्त पडले, तर पीतज्वराच्या (यलो फीव्हर) लसीचा प्रश्न येतो, कारण इथिओपिया आणि केनिया हे त्या रोगाचे देश मानले जातात. तिथल्या विमानतळावर थांबण्याचा काळ लांबला तर लस घेतल्याचे पिवळे प्रमाणपत्र मागितले जाते, आणि परतताना भारतातही विचारणा होऊ शकते. ही लस मान्यताप्राप्त केंद्रातच मिळते आणि प्रमाणपत्र दहा दिवसांनंतर लागू होते. दुबई किंवा दोहामार्गे गेल्यास ही अडचण टळते.

हिवतापाचा विचार मात्र टाळता येत नाही. क्रुगर, चोबे आणि व्हिक्टोरिया धबधब्याच्या झांबेझी नदीचा काठ हे हिवतापाचे प्रदेश आहेत. थंडीत धोका कमी होतो, संपत नाही. प्रतिबंधक गोळ्या कोणत्या आणि केव्हापासून घ्यायच्या, हे डॉक्टरांना विचारावे, आणि परतल्यावर काही महिन्यांत ताप आला तर आफ्रिकेहून आल्याचे डॉक्टरांना न विसरता सांगावे. नवविवाहितांपैकी पत्नीला दिवस गेले असतील, किंवा तशी शक्यता असेल, तर क्रुगरचा हट्ट सोडावा. पिलानेसबर्ग, माडिक्वे आणि अॅडो ही हिवतापमुक्त उद्याने आहेत. तिथेही हत्ती, सिंह आणि गेंडे आहेत, आणि पिलानेसबर्ग तर जोहान्सबर्गहून अडीच-तीन तासांच्या अंतरावर आहे.

क्रुगरमध्ये स्वतः गाडी चालवता येते, आणि जोडप्याला याहून चांगली सोय नाही. वाहतूक आपल्यासारखीच डावीकडून चालते. निघण्यापूर्वी आरटीओ कार्यालयातून आंतरराष्ट्रीय वाहन परवाना काढून घ्यावा. डांबरी रस्त्यावर ताशी ५० आणि कच्च्या रस्त्यावर ४० किलोमीटर ही वेगमर्यादा आहे, पण जनावरे पाहायची असतील तर २५ची गतीच योग्य. ठरवून दिलेल्या जागांखेरीज गाडीतून उतरता येत नाही, आणि कॅम्पचे फाटक सूर्यास्ताच्या सुमारास बंद होते; उशीर झाल्यास दंड होतो. जो चालवतो त्याला रस्ताच दिसतो, म्हणून दर दोन तासांनी जागा बदलावी. दुर्बीण मात्र एकमेकांकडे मागत बसू नये. प्रत्येकाची स्वतंत्र, ८ x ४२ची (आठपट मोठे दाखवणारी, ४२ मिलिमीटर भिंगाची) असावी. ती डोळ्यांना लावून पाखरू पटकन सापडवण्याचा सराव जाण्यापूर्वी यावल अभयारण्यात किंवा पालच्या परिसरात दोन पहाटे करावा; सातपुड्यात ज्याला शांत बसता आले, त्याला तिथेही जमते.

हत्ती रस्त्यावर आला तर घाई करू नये. अंतर ठेवून थांबावे आणि त्याच्या वाटेत गाडी आडवी येणार नाही असे पाहावे. कान पसरून डोके झटकू लागला, किंवा डोळा आणि कान यांच्यामधून मदाचा ओघळ वाहताना दिसला, तर हळूच मागे सरकावे. हॉर्न कधीही वाजवू नये.

खाण्याची चिंता आपल्याकडे आधी होते. दक्षिण आफ्रिकेत फळे, बियाणे, मांस आणि दुग्धजन्य पदार्थ नेण्यावर निर्बंध आहेत. शेंगदाण्याची चटणी नेलीच तर ती सीलबंद असावी आणि विमानतळावर जाहीर करावी. क्रुगरच्या अनेक बंगल्यांत स्वयंपाकाची सोय असते. डाळ, तांदूळ आणि मसाले तिकडच्या दुकानांत मिळतात, आणि मक्याच्या पिठाचा पाप हा घट्ट पदार्थ आपल्या फोडणीच्या डाळीबरोबर छान लागतो. ओसरीवर अन्न उघडे ठेवू नये. माकडे आणि बबून ते क्षणात पळवतात. चार्जरसाठी अडॅप्टर बरोबर असावा, कारण तिथला जाड तीन दांड्यांचा प्लग आपल्या गिझरच्या प्लगसारखा असतो.

क्रुगरमधील लोअर साबी कॅम्पजवळ सनसेट डॅम नावाचा पाणवठा आहे. बाकीच्या गाड्या सिंहाच्या शोधात येत आणि पाच मिनिटांत निघून जात. आम्ही एका दुपारी तिथे इंजिन बंद करून तीन तास बसलो. पाणघोड्याच्या पाठीवर कासवे उन्हाला चढली होती, आणि तो बुडी मारण्यासाठी जरा खाली गेला की ती एकेक करून पाण्यात घसरत. काठावर मगर तोंड उघडून निश्चल पडलेली होती. दोन हातांवर पिवळ्या चोचीचा करकोचा एक पाय चिखलात हलवून मासे उठवीत होता. माझे यजमान एरवी कुठेही दहा मिनिटे न टिकणारे; परंतु त्या दिवशी फाटक बंद होण्याची वेळ मलाच सांगावी लागली. म्हणून रोजच्या कार्यक्रमात अशी एक मोकळी बैठक जरूर ठेवावी.

आणखी एक काळजी मनापासून घ्यावी. शिंगासाठी गेंड्यांची चोरटी शिकार आजही होते. गेंडा दिसल्यास फोटो जरूर घ्यावा, पण फोनमधील ठिकाणाची नोंद आधी बंद करावी, आणि कुठे दिसला हे नातेवाइकांच्या गटावरही लिहू नये.