एपी वर्ल्ड हिस्टरी: दरवर्षी त्याच चुका

एप्रिल उजाडला की मला फोन येऊ लागतात. “ताई, मे महिन्यात एपी वर्ल्ड आहे, महिन्याभरात होईल ना तयारी?” एपी म्हणजे अमेरिकेतल्या हायस्कूलमधला कॉलेजच्या पातळीचा कोर्स आणि त्याची परीक्षा; इथे विषय जगाचा इतिहास. विचारणारे आईवडील बहुतेक पुण्या-नाशिककडचे. स्वतः दहावीला सनावळ्या घोकून इतिहासात चांगले मार्क मिळवलेले. त्यामुळे अभ्यास कसा करायचा हे त्यांच्या डोक्यात पक्कं असतं: तारखा पाठ करायच्या आणि ‘कारणे लिहा’ म्हटलं की पाच मुद्दे उतरवायचे. न्यू जर्सीत जन्मलेलं, इथल्या हायस्कूलला दहावीत असलेलं त्यांचं पोर तेच करतं आणि सरावपरीक्षेत आपटतं. अशी मुलं शनिवारी माझ्याकडे येतात. मुलं हुशार असतात, पण वर्षं बदलली तरी चुका काही बदलत नाहीत.

माझं सगळ्यात जास्त रक्त आटवणारी चूक आधी घेते.

डीबीक्यूमध्ये डॉक्युमेंटांचे सारांश लिहिणे

डीबीक्यू (डॉक्युमेंट-बेस्ड क्वेश्चन) म्हणजे सात डॉक्युमेंटं, म्हणजे त्या काळातले उतारे किंवा चित्रं, देऊन विचारलेला एक प्रश्न. वेळ एक तास, त्यातली १५ मिनिटं वाचनाची. अख्ख्या परीक्षेचे २५ टक्के गुण या एका निबंधावर आहेत. मुलं काय करतात? पहिल्या परिच्छेदात ‘डॉक्युमेंट एक असं म्हणतं’, दुसऱ्यात ‘डॉक्युमेंट दोन तसं म्हणतं’, असं करत सातव्यापर्यंत जायचं आणि ‘अशा प्रकारे’ म्हणून हात झटकायचे. अहो, ती डॉक्युमेंटं तपासणाऱ्याने आधीच वाचलेली आहेत. त्याला तुमचं म्हणणं हवंय.

माझ्याकडच्या एका मुलाचं उदाहरण सांगते. इंग्रजी सुरेख, वाचन दांडगं. त्याला मी चांदीचा प्रश्न दिला होता. सोळाव्या ते अठराव्या शतकातल्या चांदीच्या जागतिक प्रवाहाचे सामाजिक आणि आर्थिक परिणाम, असा हा प्रश्न २००६ च्या परीक्षेत आला होता आणि शिक्षक तो अजूनही सरावाला देतात. त्यात वांग शीज्वे नावाच्या, चीनच्या मिंग दरबारातल्या अधिकाऱ्याचा १५९३ चा अहवाल आहे. माझ्या गावचे वडीलधारे सांगतात की पीक बेताचं असूनही धान्य स्वस्त आहे, आणि याला कारण चांदीची टंचाई, असा त्याचा मथितार्थ. मुलाने लिहिलं, ‘वांग शीज्वेच्या मते चांदी कमी असल्याने धान्य स्वस्त झालं.’ आणि निघाला पुढच्या डॉक्युमेंटकडे. मी समासात लाल पेनने लिहिलं, ‘बरं, मग?’

“काकू, पण त्यात एवढंच लिहिलंय!”

निबंधाला सातपैकी दोन गुण दिले. संध्याकाळी आईचा फोन. एवढं छान इंग्रजी आणि दोनच? मी म्हटलं, इंग्रजीचा पेपर वेगळा असतो.

पुढच्या शनिवारी आम्ही त्या एका डॉक्युमेंटवर तासभर बसलो. लिहिणारा कोण? दरबारातला मोठा अधिकारी. कोणाला लिहितोय? बादशहाला. काय चाललंय त्या वेळी? मिंग सरकारने निरनिराळे कर एकत्र करून ते चांदीत वसूल करायला सुरुवात केली होती. मिंगांचा प्रमुख मंत्री चांग च्युचंग याने १५८१ च्या सुमारास ही पद्धत देशभर लावली. शेतकऱ्याकडे चांदी नसते, तांदूळ असतो. कर भरायचा म्हणून सगळेच एकदम धान्य बाजारात आणतात आणि भाव कोसळतो. म्हणजे हा माणूस बादशहाला बाजारभाव कळवत बसलेला नाही. खुद्द बादशहाच्या करपद्धतीची तक्रार तो बादशहाच्याच कानावर घालतोय, आणि तीही जपून, गावच्या म्हाताऱ्यांच्या तोंडून. एवढं लिहिलं की सोर्सिंगचं, म्हणजे कोणी, कोणाला, का लिहिलं हे सांगण्याचं काम होतं.

मग नकाशा काढला. दक्षिण अमेरिकेत, आजच्या बोलिव्हियातल्या पोटोसीला चांदी सापडली १५४५ मध्ये. स्पेनने मनिला वसवलं १५७१ मध्ये, आणि मेक्सिकोतल्या अकापुल्कोहून चांदी भरलेली गलबतं पॅसिफिक ओलांडून तिथे येऊ लागली. जपानची चांदी होतीच. अँडीजमध्ये मिताच्या, म्हणजे वेठबिगारीच्या सक्तीने खाणीत उतरवलेला माणूस आणि करासाठी तांदूळ विकणारा चिनी शेतकरी, दोघांना एकमेकांचं नावगाव ठाऊक नाही, पण दोघांचं जगणं एकाच धातूने बदललं. पोरगं गप्प झालं. मग म्हणालं, “म्हणजे हीच माझी थीसिस.” हो बाबा, हीच, निबंधभर सिद्ध करायचं तुझं म्हणणं. तिसऱ्यांदा लिहिलेला निबंध वाचण्यासारखा होता.

माझी सवय सांगते, पटली तर घ्या. सगळी डॉक्युमेंटं वाचून होईपर्यंत कळफलकाला हात लावू देत नाही. कच्च्या कागदावर त्यांचे दोन किंवा तीन गट पाडायचे, आणि प्रत्येक गटाला एका वाक्याचं मत जोडायचं. तेच परिच्छेदाचं पहिलं वाक्य. त्या वाक्यात ‘डॉक्युमेंट’ हा शब्द आला तर मी ते खोडते. पुरावा म्हणून किमान चार डॉक्युमेंटं मतासाठी वापरली की दोन्ही गुण मिळतात, सोर्सिंग दोघांचं पुरतं. घाबरत सातही कोंबायची गरज नाही. जमलीच, तर वरचा अवघड गुण मिळवायचा तो एक मार्ग आहे, पण आधी चार नीट करा.

सोर्सिंगच्या नावाखाली ‘लेखक युरोपीय असल्यामुळे पक्षपाती आहे’ हे वाक्य लिहिणाऱ्यांना माझ्याकडे चहा मिळत नाही. बार्तोलोमे दे लास कासास स्पॅनिश होता, धर्मगुरू होता, आणि स्पॅनिश लोकांनी अमेरिकेत केलेल्या अत्याचारांवर त्याच्याइतकं जळजळीत क्वचितच कोणी लिहिलं असेल. त्याला राजाकडून कायदे बदलून हवे होते. १५४२ चे नवे कायदे झाले त्याच वर्षी त्याने तो मजकूर लिहिला. म्हणून त्याचे आकडे फुगलेले असू शकतात, पण कोणत्या बाजूला फुगलेत ते पाहा. ‘स्पॅनिश म्हणून स्पेनच्या बाजूचा’ हे सूत्र इथे पार उलटं पडतं.

शिवाजी महाराजांची गोष्ट सांगत बसणे

ही खास आपल्या घरातली चूक. बाहेरचा, म्हणजे डॉक्युमेंटांत नसलेला पुरावा द्या म्हटलं की मराठी मुलांना एकच पुरावा आठवतो. वाईट काहीच नाही, उलट अभ्यासक्रमाच्या चौकटीत मराठ्यांचा मुघलांशी संघर्ष उदाहरण म्हणून चक्क दिलेला आहे. पण कोणत्या रांगेत? न्यू मेक्सिकोतलं प्वेब्लो लोकांचं बंड, न्यू इंग्लंडमधलं मेटाकॉमचं युद्ध, फ्रान्समधला फ्राँद, रशियातले कोसॅक उठाव, आफ्रिकेतली राणी न्झिंगा. वाढत्या साम्राज्यांना स्थानिक लोकांनी कसं आव्हान दिलं, हा तिथला विषय.

एका मुलीने चाळीस मिनिटांच्या एलईक्यूतली (लाँग एसे क्वेश्चन, म्हणजे डॉक्युमेंटांशिवायचा निबंध) जवळपास निम्मी जागा १६५९ च्या अफझलखान भेटीला दिली. बिचवा, वाघनखं, सय्यद बंडा, सगळं आलं. वाचताना माझ्या अंगावर काटा आला, आणि गुण द्यायला जागा सापडेना. प्रश्न साम्राज्यांच्या दुबळेपणाचा होता आणि उत्तरात मुघल साम्राज्य कुठेच नव्हतं. खान तर विजापूरचा सरदार!

त्याच मुलीने लिहायला काय हवं होतं? औरंगजेब १६८१ मध्ये दक्षिणेत उतरला आणि १७०७ मध्ये तिथेच मेला. मधली सगळी वर्षं खजिना आणि फौज डोंगरी किल्ल्यांवर खर्ची पडली. शिवाजी महाराज तर १६८० मध्येच गेले होते, म्हणजे लढाई एका माणसावर अवलंबून नव्हती. किल्ला गमावला तरी मराठी फौजा हटत नव्हत्या, बादशहाच्या मृत्यूनंतर प्रांत सुटत गेले. हे तीन वाक्यांत होतं. मग शेजारी १६८० चं प्वेब्लो बंड ठेवायचं: त्यांनी स्पॅनिश लोकांना हाकललं, पण बारा वर्षांनी ते परत आले. दोन उठाव एकाच काळातले, मग शेवट वेगळा का? इथे तुलना सुरू होते आणि गुणही.

पालकांना एक विनंती. मुलाने महाराजांवर तीनच वाक्यं लिहिली म्हणून मला फोन करू नका. दर वर्षी एक तरी येतो.

१५०० पासून सगळं जग युरोपच्या मुठीत होतं असं धरून चालणे

वास्को द गामा १४९८ मध्ये कालिकतला आला, आणि दुसऱ्या वाक्यात मुलं थेट ब्रिटिश राजमध्ये. मधली अडीचशेहून जास्त वर्षं कुठे गेली कोण जाणे. पोर्तुगीजांनी गोवा १५१० मध्ये घेतलं, मलाक्का १५११ मध्ये, हे खरं. पण आशियात युरोपीय लोक बराच काळ किनाऱ्याला चिकटून होते. जपानने डच व्यापाऱ्यांना १६४१ पासून नागासाकीजवळच्या देजिमा या इवल्याशा बेटावर कोंडून ठेवलं. चिमाजी अप्पाने १७३९ मध्ये पोर्तुगीजांकडून वसई घेतली. हे उदाहरण आपल्या मुलांना ठाऊक असतं, आणि नेमकं जिथे शोभेल तिथे कुणी लिहीत नाही. चीनच्या बादशहाने तर १७९३ मध्ये ब्रिटनचा वकील मॅकार्टनी याला व्यापाराच्या मागण्या फेटाळून परत पाठवलं. पारडं फिरलं ते कोळसा, वाफ आणि कारखान्यांच्या काळात. पहिलं अफूयुद्ध १८३९ ते ४२, त्यात वाफेच्या लोखंडी बोटी होत्या.

अमेरिकेत मात्र अझ्टेकांची राजधानी तेनोच्तित्लान १५२१ मध्येच पडली. देवीची साथ होती आणि स्पॅनिश सेनानी कोर्तेसच्या बाजूने लढणारे, अझ्टेकांचे शत्रू असलेले हजारो त्लाश्काल्तेक होते. मूठभर स्पॅनिश शिपायांनी साम्राज्य जिंकलं ही कथा मला आता ऐकवत नाही. तिथे इतक्या लवकर आणि इथे इतक्या उशिरा का, असा प्रश्न मुलाने स्वतःहून विचारला की मी समजते, याचं आता भलं होणार.

बाकीच्या, पटापट

थीसिस म्हणून ‘काही बदल झाले आणि काही गोष्टी तशाच राहिल्या’ लिहू नका. ते कुठल्याही शतकाबद्दल खरं असतं.

‘प्राचीन काळापासून माणूस व्यापार करत आला आहे’ ही संदर्भाची सुरुवात नव्हे. कोर्स १२०० पासून सुरू होतो. प्रश्नाच्या लगेच आधीच्या काळातलं, त्या प्रश्नाला लागून असलेलं काहीतरी नेमकं लिहा, तीन-चार वाक्यं.

प्रश्नातली वर्षं वाचा. १४५० ते १७५० विचारलंय आणि उत्तरात रेल्वे धावतेय, असले निबंध मी अर्ध्यात सोडते.

क्रांत्या म्हटलं की १७७६ ची अमेरिकन आणि १७८९ ची फ्रेंच येते, हैती येत नाही. गुलामांनी उठून १८०४ मध्ये देश स्वतंत्र केला, आणि त्या स्वातंत्र्याची भरपाई म्हणून फ्रान्सने १८२५ मध्ये १५ कोटी फ्रँक मागितले. याहून दमदार पुरावा मुलांना कुठे मिळणार आहे?

मंगोल म्हणजे नुसता संहार नाही आणि नुसता सुरक्षित व्यापारमार्गही नाही. १२५८ मधला बगदादचा विध्वंस आणि त्या मार्गांवरची वर्दळ, दोन्ही एकाच परिच्छेदात मावलं पाहिजे.

कोलंबियन एक्स्चेंज, म्हणजे कोलंबसनंतर दोन्ही गोलार्धांत झालेली पिकं, प्राणी आणि रोगांची देवाणघेवाण, पाठ करणाऱ्यांनी घरच्या कांदेपोह्यांकडे बघावं. मिरची, बटाटा घातला तर तोही, आणि शेंगदाणे अमेरिका खंडातले. पण निबंधात यादी नको. बटाटा आणि मका आल्यावर डोंगराळ, हलक्या जमिनीत पीक निघू लागलं आणि लोकसंख्या वाढली, ते लिहा.

दुप्पट वेगाने व्हिडिओ पाहून झालेला अभ्यास. यावर मी बोलणारच नाही. एवढंच करा: व्हिडिओ संपल्यावर वही मिटून, आठवेल ते चार ओळींत लिहा. चार ओळी निघत नसतील तर तो अभ्यास नव्हता. माझ्या भिंतीवर जगाचा कोरा नकाशा आहे, दर शनिवारी मुलं त्यावर आठवड्याची एक वस्तू फिरवतात: कधी साखर, कधी कापूस, कधी प्लेग. फ्लॅशकार्डांपेक्षा याने जास्त लक्षात राहतं असं माझं मत. विज्ञानाच्या मास्तरांना ते मान्य नाही.

परीक्षा आता संगणकावर असते, तेव्हा सरावही टाइप करूनच करा. वहीत सुंदर अक्षरात लिहून शेवटच्या आठवड्यात टायपिंगकडे वळणाऱ्यांचा एलईक्यू हमखास अर्धा राहतो. आणि बहुपर्यायी भागात ५५ मिनिटांत ५५ प्रश्न आहेत, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. एकाही प्रश्नाचं उत्तर कोरं सोडू नका.