शेड की शॅडो? आमच्या फणसाखाली येऊन बघा

मालवणजवळ आमचं चार खोल्यांचं होमस्टे आहे. पाटी रंगवून घेताना ‘सावलीत गाडी लावा’चं इंग्रजी मीच ऐटीत सांगितलं, ‘पार्क इन द शॅडो’. पुण्याची सातवीतली एक पोर ती वाचून खुदकन हसली. “काकू, शॅडो नाही, शेड!” रंगाऱ्याने पुन्हा पैसे घेतले, ते वेगळंच.

आपली एकटी ‘सावली’ दोन्हीकडे राबते, म्हणून हा घोळ. खुद्द इंग्रजीतही मुळात शब्द एकच होता. त्याच्याच निरनिराळ्या विभक्तिरूपांतून पुढे हे दोन झाले.

मी आता असं बघते. सावलीला कडा आहे का, ती कुणाची ते दिसतं का? मग शॅडो. संध्याकाळी खळ्यात माडाची लांबच लांब सावली पडते, झावळ्यासुद्धा ओळखू येतात, ती शॅडो. ऊन लागू नये म्हणून जिथे आपण सरकतो, तो फणसाखालचा गारवा म्हणजे शेड.

खात्री करायची तर मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात या. एक दिवस साडेबाराच्या सुमाराला सूर्य इथे बरोबर डोक्यावर येतो. खळ्यात सरळ रोवलेल्या काठीची सावलीच नाहीशी होते. नो शॅडो! आणि त्याच वेळी आमचा कुत्रा फणसाखाली चारी पाय पसरून घोरत असतो. प्लेंटी ऑफ शेड! ऑगस्टात सूर्य पुन्हा तसाच येतो, पण तेव्हा पावसात बघतंय कोण?

शॅडो मोजता येते: वन शॅडो, टू शॅडोज. उन्हाच्या आडोशाची शेड मोजत नाहीत. ‘सम शेड’, ‘इन द शेड’ असंच म्हणायचं. ‘टू शेड्स’ म्हटलंत तर समोरचा रंगाच्या दोन छटा समजेल. शेड कमीजास्त मात्र होते. रोपवाटिकेतली 50 टक्के शेडनेट निम्मं ऊन अडवते, ती हीच शेड.

आणि पत्र्याची शेड? देवनागरीत दिसायला तीच, पण इंग्रजीत शब्दच निराळा. तिचा ‘ए’ आखूड, सावलीचा लांबवायचा, शेऽड. गेल्या मे महिन्यात एका पाहुण्यांनी “एनी शेड?” विचारलं आणि मी त्यांना खुर्ची दिली ती होड्यांच्या पत्र्याच्या शेडमध्ये. दहा मिनिटांत घामाने निथळत, खुर्ची डोक्यावर घेऊन, गृहस्थ फणसाखाली हजर.