प्रकल्पाची बातमी कशी वाचावी? कोकणातल्या वाचकांसाठी

दाभोळच्या एन्रॉन या अमेरिकी कंपनीच्या वीजप्रकल्पाची एक गोष्ट आजच्या तरुण वाचकांना बहुधा ठाऊक नसते. 1995 साली कंपनीच्या एका अधिकाऱ्यांनी अमेरिकी संसदेच्या समितीपुढे सांगितलं, की प्रकल्पाची पूर्वतयारी आणि भारतातल्या मंडळींना तो ‘समजावून देणं’ यावर सुमारे 2 कोटी डॉलर खर्च झाले. जागतिक बँकेने 1993 मध्येच हा प्रकल्प परवडणारा नाही म्हणून कर्ज नाकारलं होतं. 2001 मध्ये महाग वीज घेणं राज्य वीज मंडळाने थांबवलं, आणि डिसेंबरात कंपनीचंच दिवाळं निघालं.

जनमत घडवायला पैसा लागतो. तो कोणी मोजला, हे घरबसल्या बरंचसं शोधता येतं.

आधी पानाचे कोपरे बघा. ‘जाहिरात’, ‘प्रायोजित’, ‘विशेष पुरवणी’ हे शब्द मुंगीएवढ्या अक्षरांत असतात. तसं काही नसेल तर बातमीतलं एखादं वेगळं वाक्य अवतरणचिन्हांत घालून गुगलवर शोधा. तीन पेपरांत तेच वाक्य स्वल्पविरामासकट सापडलं, तर ती प्रेसनोट आहे. 2009 च्या विधानसभा निवडणुकीत एकमेकांच्या स्पर्धक दैनिकांत शब्दशः सारखे लेख छापून आले होते; पेड न्यूजवर, म्हणजे पैसे घेऊन बातमी म्हणून छापलेल्या मजकुरावर, प्रेस कौन्सिलचा अहवाल 2010 मध्ये आला. तालुक्याच्या वार्ताहराला मात्र लगेच शिव्या घालू नका. अनेकांना नाममात्र मानधन मिळतं आणि जाहिरातीही त्यांनाच आणाव्या लागतात.

मुंबईतल्या चाकरमानी भावाला त्याच पेपरच्या त्याच दिवसाच्या पानाचा फोटो मागवा. गावच्या आवृत्तीत पहिल्या पानावरची बातमी तिकडे नसते, किंवा मथळाच उलटा असतो.

रोजगाराचा आकडा फोडा. राजापूर तालुक्यात नाणारला व्हायची होती ती तेलशुद्धीकरणाची रिफायनरी वर्षाला 6 कोटी टनांची, खर्च 3 लाख कोटींच्या घरात, आणि रोजगार लाखभर असं सांगितलं जायचं. त्या लाखात कायमचे किती, बांधकामापुरते किती? कंपनीच्या पगारावर किती, ठेकेदाराकडे किती? बांधकाम संपलं की बहुतेक माणसं घरी जातात, ही कुठल्याही मोठ्या कारखान्याची रीत आहे. बातमीत ही फोड नसेल तर तो आकडा वजा करून उरलेली बातमी वाचा.

फोड मागायची जागा म्हणजे जनसुनावणी, म्हणजे प्रकल्पाच्या मंजुरीआधी लोकांचं म्हणणं ऐकायची सरकारी बैठक. 2006 च्या पर्यावरण अधिसूचनेनुसार सुनावणीची सूचना किमान 30 दिवस आधी द्यावी लागते. प्रकल्पाचा पर्यावरणावर काय परिणाम होईल, त्या अहवालाचा सारांश मराठीत द्यावा लागतो आणि पूर्ण अहवाल जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद, प्रदूषण नियंत्रण मंडळ इथे ठेवावा लागतो. जाऊन वाचा, हव्या त्या पानांचे फोटो काढा. प्रश्न लेखी द्या आणि तो इतिवृत्तात आला का ते तपासा. नाही आला, तर 10 रुपयांत माहिती अधिकाराचा अर्ज होतो. भाषणांपेक्षा हे कागद जास्त उपयोगी पडतात, असं माझं ठाम मत आहे.

फोटोचा महिना ओळखा. ओसाड कातळाचा फोटो छापून ‘इथे काहीच नाही’ म्हणणं सोपं असतं, कारण मे महिन्यात आमचा प्रत्येक सडा तसाच दिसतो. सप्टेंबरात तिथे गुडघाभर गवत, फुलं आणि चरणारी गुरं असतात. नाणारनंतर रिफायनरीसाठी सुचवलेल्या बारसूच्या सड्यावर तर कातळशिल्पं, म्हणजे खडकात कोरलेली प्राचीन चित्रं आहेत. कोकणातली कातळशिल्पं 2022 मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. पुराचे, मोर्चाचे व्हिडिओ आले की त्यातलं एक दृश्य गुगल लेन्सवर टाका. जुनं असेल तर बहुतेक वेळा कळतं.

‘ग्रामस्थांचा पाठिंबा’ म्हणजे कोणाचा? बातमीत नावं किती आहेत ते मोजा. मग महाभूमी या सरकारी संकेतस्थळावर तिथल्या जमिनीच्या गटांचे सातबारे बघा, फुकट दिसतात. तलाठ्याकडे फेरफाराची, म्हणजे मालकाचं नाव बदलल्याच्या नोंदीची, तारीख विचारा. प्रकल्प जाहीर होण्याच्या थोडं आधी जमीन घेतलेल्या परगावच्या मालकाची संमती आणि तिथे कलमं जोपासणाऱ्याची संमती एकाच बेरजेत मिसळलेली असते.

नेत्याचं मागचं विधान काढा. एन्रॉन समुद्रात बुडवू म्हणत 1995 मध्ये शिवसेना-भाजप युती सत्तेवर आली, करार रद्द केला, आणि काही महिन्यांतच नव्या वाटाघाटी करून प्रकल्प स्वीकारला. 2019 मध्ये नाणारचं भूसंपादन रद्द झालं ते शिवसेनेच्या आग्रहाने; 2022 मध्ये मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनीच बारसूची जागा केंद्राला सुचवली आणि 2023 मध्ये विरोधात असताना तिथल्या आंदोलकांची बाजू घेतली. तारखा एका कागदावर ओळीने लिहिल्या की कोण केव्हा सत्तेत होता, तेवढंच शेजारी लिहायचं उरतं.

हे सगळं आपल्या बाजूच्या मेसेजलाही लावायचं. वर्षभरात हापूस संपणार, मासे मरणार अशा फॉरवर्डमध्ये प्रकल्पाचं नाव, अहवालाचं पान किंवा तारीख नसेल, तर तो ग्रुपवर टाकू नका. पाठवणाऱ्याला आधी पान क्रमांक विचारा.