व्हीलचेअरसाठी भाड्याचं घर बघताय? टेप सोबत न्या
घर बघायला जाताना मोजायची टेप न्याच, कारण घरमालक फोनवर हो हो व्हीलचेअर जाते म्हणतो आणि तिथं गेल्यावर बाथरूमचं दारच 60 सेंमीचं निघतं. दार उघडल्यावर मधली मोकळी जागा मोजायची, चौकट नाही, ती निदान 80 सेंमी हवी, 90 असेल तर उत्तम. खुर्ची जागेवर वळवायला साधारण 150 सेंमीचा गोल लागतो, म्हणून संडास-बाथरूम आधी बघा, हॉल कितीही मोठा असला आणि आत वळताच येत नसेल तर ते घर सोडा, खरंच. रॅम्पचा हिशोब 1 ला 12, म्हणजे 15 सेंमीच्या पायरीला 180 सेंमी लांबी.

लिफ्ट किती वेळा बंद पडते ते शेजाऱ्यांना विचारा.

भाडं परवडतंय पण घर थोडं अडतंय, तर लगेच नाही म्हणू नका. उंबरठा काढणं, संडासात धरायला दांडा बसवणं कमी खर्चात होतं, फक्त परवानगी आणि खर्च कोणाचा हे करारात लिहून घ्या, तोंडी अजिबात नको. सरकारी स्वस्त घरांची यादी असेल तर नाव आजच टाका, नंबर लागायला फार वेळ जातो.