मामा तलावाचा गाळ आणि अर्जातला एक शब्द

भंडारा जिल्ह्यातील आमच्या गावच्या मामा (माजी मालगुजारी) तलावातला गाळ शेतात टाकण्यासाठी केलेला अर्ज परत आला, तेव्हा खोट कार्यालयाचीच असेल असे मी धरून चाललो होतो. प्रत्यक्षात ती माझ्याच हस्ताक्षरात होती. मी ‘गाळ व मुरूम’ असे लिहिले होते. मुरूम हे गौण खनिज असल्याने त्याला स्वामित्वधन (रॉयल्टी) आणि उत्खननाची वेगळी परवानगी लागते, तर देखभालीसाठी तलावातील गाळ काढण्यास केंद्राच्या २०१६ च्या अधिसूचनेने पूर्व पर्यावरण मंजुरीतून सूट दिली आहे.

नकाशा उघडल्यावर दुसरी अडचण दिसली. ट्रॅक्टरची वाट झुडपी जंगलाच्या गटातून जात होती, म्हणजे वनकायदा आडवा येणार. म्हणून ती दोन शेतकऱ्यांच्या लेखी संमतीने त्यांच्या धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, वळवली. नव्या अर्जातून मुरूम गाळला, ग्रामसभेचा ठराव जोडला, आणि तलावाची सिंचन क्षमता शंभर हेक्टरांच्या आत असल्याने अर्ज जिल्हा परिषदेच्या लघुपाटबंधारे विभागाकडे दिला.

परवानगी मिळाली. काळ्या गाळाखाली पिवळी रेघ दिसताच जेसीबीचालक आपणहून थांबला आणि म्हणाला, “भाऊ, मुरूम लागला.”