गाडीच्या मागे इलेक्ट्रिक व्हीलचेअर नेताना

खुर्ची गाडीच्या मागे बसवलेल्या कॅरिअरवर बांधून झाली की दादा तिची किल्ली मागून घेतो आणि शर्टाच्या खिशात ठेवतो. मुक्कामाला पोचेपर्यंत त्याचा हात अधूनमधून त्या खिशाकडे जात राहतो. सहा वर्षं मी त्याची इलेक्ट्रिक व्हीलचेअर गाडीच्या मागे नेते आहे. पहिल्या वर्षी माझ्या एका चुकीमुळे जॉयस्टिकचा दांडा तुटला, आणि सुटा भाग येईपर्यंत एकोणीस दिवस दादाला पाण्याच्या ग्लासापर्यंत जायलाही कुणाला तरी हाक मारावी लागली. म्हणून इथे जरा बारकाईनं लिहिते.

सगळ्यात आधी वजन. माहितीपत्रकातला आकडा धरून चालू नका. तो बरेचदा बॅटऱ्या न धरता दिलेला असतो. अशा खुर्चीत १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या असतात आणि ५० अँपिअर-अवरच्या लेड-अॅसिड बॅटऱ्यांची जोडीच ३० किलोच्या वर जाते. माल तोलायच्या मोठ्या काट्यावर खुर्ची जशी वापरता तशीच ठेवून तोला. दादाची ९२ किलो भरली. त्यात कॅरिअरचं वजन मिळवायचं. आमचं ३८ किलोचं आहे. म्हणजे हिचवर, गाडीच्या मागच्या ज्या जोडाला कॅरिअर किंवा ट्रेलर अडकवतात त्याच्यावर, एकूण १३० किलो.

आता हिचच्या पट्टीवरचा आकडा वाचा. तिथे दोन आकडे असतात आणि बहुतेक लोक चुकीचा वाचतात. मोठा आकडा गाडी किती वजनाचा ट्रेलर ओढू शकते याचा. ट्रेलरचा भार त्याच्या स्वतःच्या चाकांवर असतो, म्हणून तो एवढा मोठा. कॅरिअरला चाकं नाहीत, त्याचा सगळा भार हिचवर उभा पडतो. त्यामुळे आपल्याला बघायचा तो लहान आकडा, हिचवर किती उभा भार चालेल हे सांगणारा. आमच्या आधीच्या गाडीला १२०० किलो ओढायची परवानगी होती, पण उभा भार फक्त ७५ किलो. त्या गाडीवर ही खुर्ची कधीच नेता आली नसती. गाडी, हिच आणि कॅरिअर या तिघांच्या मर्यादांमधली जी सगळ्यात कमी, तीच खरी. सव्वा इंची रिसीव्हरला (हिचच्या ज्या चौकोनी नळीत कॅरिअरचा दांडा जातो तिला) अडॅप्टर लावून दोन इंची कॅरिअर बसतं, पण त्यानं हिचची ताकद वाढत नाही. उलट भार आणखी मागे सरकतो आणि जास्त जाचतो.

मागे सरकल्यानं काय होतं, ते हिशेबानं दाखवते. आमच्या गाडीच्या दोन अॅक्सलमधलं, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांच्या आसांमधलं अंतर २.८ मीटर. खुर्ची आणि कॅरिअर यांच्या वजनाचा मध्य मागच्या अॅक्सलपासून १.४ मीटर मागे. म्हणजे अंतराच्या निम्मं. म्हणून पुढच्या चाकांवरचा भार १३०च्या निम्म्यानं, ६५ किलोनं कमी होतो, आणि मागच्या अॅक्सलवर १३० नव्हे तर १९५ किलो वाढतात. स्टिअरिंग हलकं लागतं आणि हेडलाइटचा झोत समोरच्याच्या डोळ्यांत जातो, तो याच्यामुळे. मागच्या टायरमध्ये पूर्ण भारासाठी सांगितलेली हवा भरा, हेडलाइट खाली करा आणि जड सामान डिकीत न टाकता पुढे सरकवा.

चढवताना खुर्चीवर कुणी बसू नये. वेग सगळ्यात कमी ठेवून, बाजूनं चालत, जॉयस्टिकनं खुर्ची रॅम्पवर घ्यायची. मागे मात्र कुणी उभं राहायचं नाही. खुर्ची ढकलता यावी म्हणून प्रत्येक मोटरपाशी एक लिव्हर असतो. तो सोडला की चाकं मोकळी होतात आणि ब्रेकही जातो. रॅम्पवर तो सोडला तर ९० किलोची खुर्ची तुमच्या अंगावर येते. खुर्चीऐवजी चालता न येणाऱ्यांसाठीची बॅटरीवरची स्कूटर असेल तर तिचं पोट जमिनीला जवळ असतं, म्हणून रॅम्प उभा असेल तर ते वरच्या काठाला घासतं. तिथे लांब रॅम्पच घ्यावा.

माझी चूक त्या लिव्हरचीच होती. कॅरिअरवर खुर्ची नीट सरळ करायला तो सोडला आणि परत लावायचा विसरले. खुर्ची बंद असते तेव्हा मोटरचा ब्रेक आपोआप लागलेला असतो, पण लिव्हर लावलेला असला तरच. पट्टा थोडा सैल झाला, चाकं फिरली आणि जॉयस्टिक मागच्या दारावर आपटली. आता बांधायच्या आधी मी दोन्ही लिव्हर हातानं दाबून बघते आणि खुर्चीला जोरात धक्का देते. चाक जागचं हललं नाही, तरच पट्टे बांधायला घेते.

पट्टे चार लागतात, रॅचेटचे, म्हणजे दातेरी चाकानं आवळायचे; दोन पुढे, दोन मागे. हुक चौकटीला लावायचा, जिथे लोखंड वेल्ड केलेलं आहे तिथे. खुर्चीवर हुकाचं चित्र असलेल्या खास जागा दिल्या असतील तर त्याच वापरा. हातटेकू, पायटेकू, चाकांच्या आऱ्या यांना पट्टा लावायचा नाही; हे सुटे होणारे भाग आहेत. स्कूटरची सीट काढून गाडीत ठेवा, हँडल खाली पाडा आणि पट्टे तळाच्या चौकटीवरून घ्या. पट्टा साधारण ४५ अंशांत, खाली आणि बाहेर ओढणारा असावा. पट्ट्यावर दोन आकडे असतील तर तुटण्याचा नव्हे, कामाच्या भाराचा आकडा धरा. तो साधारण तुटण्याच्या भाराच्या एक तृतीयांश असतो. रॅचेट किती आवळायचा? खुर्ची हलवली की तिच्याबरोबर गाडीही हलली पाहिजे, पण चौकट वाकेल इतका नाही. उरलेलं टोक गुंडाळून गाठ मारा, वाऱ्यात फडफडून ते रॅचेट सैल करतं. धार लागते तिथे पट्ट्याखाली जाड कापड घाला. आणि हिचची पिन व तिची क्लिप रोज बोटानं चाचपून बघा, नुसतं बघून भागत नाही.

पावसापेक्षा पुढच्या गाडीच्या चाकांनी उडवलेलं घाण पाणी वाईट. जॉयस्टिकला वेगळी प्लास्टिकची पिशवी बांधून वर आवरण घाला आणि गादी गाडीत घ्या. आवरण मोठं आणि सैल असेल तर शिडासारखं फुगतं, तेव्हा अंगाला बसणारंच घ्या. लिथियम बॅटरी काढता येत असेल तर ती गाडीतच न्यावी. धुराड्याचं तोंड टायरकडे किंवा वायरींकडे येत नाही ना, हेही बघायचं.

खुर्चीनं मागचे दिवे किंवा नंबर प्लेट झाकली जात असेल तर मागे दिव्यांची पाटी लावावीच लागते. किती बाहेर आलेलं चालतं याचे नियम जागोजागी वेगळे आहेत, निघण्याआधी ते बघून घ्या.

निघाल्यावर दहा किलोमीटरवर थांबा. पहिल्या दहातच पट्टे बसतात आणि सैल होतात. मग प्रत्येक थांब्यावर चारही पट्टे ओढून बघायचे. गाडी जवळजवळ मीटरभर लांब झाली आहे आणि उतारावरून वर येताना कॅरिअर जमिनीला टेकू शकतं. गतिरोधक तिरपे नाही, सरळ आणि सावकाश घ्या. माणूस मात्र गाडीतल्या सीटवरच. कॅरिअरवरच्या खुर्चीत कुणी क्षणभरही बसू नये.

खुर्ची १५०–१६० किलोची असेल, तर मी कॅरिअरचा नाद सोडून लहान ट्रेलर घ्यायला सांगेन. भार त्याच्या चाकांवर जातो, खुर्ची अॅक्सलच्या किंचित पुढे ठेवली की एकूण वजनाच्या साधारण दहावा हिस्सा हिचवर येतो, आणि ट्रेलर स्थिर चालतो.

उतरवायची जागा सपाट शोधा. पट्टे मोकळे करण्याआधी लिव्हर पुन्हा बघा. मग किल्ली लावून रिकामी खुर्ची दहा पावलं पुढे, दहा मागे चालवा, एकदा जागेवर वळवा, थांबवून ब्रेक बघा. हे सगळं होईपर्यंत दादा गाडीचं दार उघडून माझ्याकडे बघत बसलेला असतो. मग मी खुर्ची त्याच्या दारापाशी, त्याच्या उजव्या हाताला आणून लावते.