‘बस’ आणि ‘बसा’, इंग्रजीत दोन्ही ‘सिट’

मराठीत ‘बस’ आणि ‘बसा’ यांतला मान क्रियापदातच कळतो. इंग्रजीत धाकट्या भावाला आणि साहेबांना एकच ‘सिट’, त्यामुळे आदर बाहेरून आणावा लागतो. नुसतं ‘प्लीज’ दरवेळी पुरत नाही. साहेबांना ‘प्लीज सेंड द फाइल’ लिहिलं तरी ती आज्ञाच राहते. त्यापेक्षा ‘कुड यू सेंड द फाइल?’ असं विचारा. मात्र गोष्ट ऐकणाऱ्याच्याच सोयीची असेल, तर आज्ञार्थ बिनधास्त वापरा: ‘हॅव सम टी’, ‘टर्न लेफ्ट’. पाककृतीत तर ‘प्लीज ॲड सॉल्ट’ वाचून हसूच येईल. नकारासाठी आधी ‘डोन्ट’ लावा, पण पुढे विशेषण आलं की ‘बी’ हवंच: ‘डोन्ट लेट’ नव्हे, ‘डोन्ट बी लेट’.